रजिस्टरातलं अग्ली आभाळ

सरकारी कागदाला भावना नसते, असं मला नोकरीला लागलो तेव्हा सांगण्यात आलं होतं. सांगणाऱ्याने आमचं निरीक्षणाचं पुस्तक नीट वाचलेलं नव्हतं. त्या पुस्तकात आभाळाच्या अवस्थांची एक यादी होती, प्रत्येक अवस्थेला एक इंग्रजी अक्षर. बी म्हणजे ब्लू, निळं. सी म्हणजे क्लाउडी. ओ म्हणजे ओव्हरकास्ट, निळ्याचा ठिपकासुद्धा शिल्लक नाही असं. जी म्हणजे ग्लूमी, उदास. आणि यू म्हणजे अग्ली. अग्ली, थ्रेटनिंग स्काय. कुरूप, धमकावणारं आभाळ. हे मी पदरचं सांगत नाही. इंग्रज साहेबाच्या काळापासून चालत आलेल्या पुस्तकात आभाळाला कुरूप म्हणायची रीतसर परवानगी होती. नोकरीभरात मी ते अक्षर दोनदा लिहिलं. एकदा लिहून खोडलं, एकदा लिहून खोडलं नाही. त्या दोन वेळांबद्दलच लिहितो. बाकीची नोकरी चारचौघांसारखीच झाली.

मी वेधशाळेत निरीक्षक होतो. वेधशाळा म्हटलं की लोकांना घुमट आणि दुर्बीण दिसते. आमची वेधशाळा म्हणजे शेतकी फार्मच्या एका कोपऱ्यात तारेचं कुंपण, आत कापलेलं गवत, मधे उंच पायांवर उभी केलेली झडपांची पांढरी पेटी, पेटीत थर्मामीटर, बाजूला पावसाचं माप, आणि एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. ईद असो, पोळा असो, घरात बाळंतपण असो, साडेआठला मी तारेच्या आत असणार. आधी आकडे वाचायचे, मग मान वर करायची. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी व्यापलेत ते लिहायचं. मग ढगाचं नाव, मग ते अक्षर. हे सगळं तिथंच उभ्या उभ्या खिशातल्या वहीत पेन्सिलीने टिपायचं आणि आत येऊन मोठ्या रजिस्टरात शाईने उतरवायचं.

अंदाज सांगणं हे आमचं काम नव्हे. ते मोठ्या शहरातले साहेब करतात. आम्ही 'आहे' तेवढं लिहायचं, 'होईल' लिहायचं नाही. हे लोकांना मात्र जन्मात पटलं नाही. मुलीच्या लग्नाची तारीख काढून आलेले बाप माझ्याकडे यायचे, चहाला पैसे द्यायला बघायचे, आणि "त्या दिवशीचं तेवढं बघा" म्हणून हात जोडायचे. मी पाऊस पाडतो किंवा थांबवतो असं त्यांना वाटत नव्हतं, पण मला आतून काहीतरी कळतं आणि मी ते दाबून ठेवतो, एवढी खात्री प्रत्येकाला होती. एका सरपंचांनी तर मला दरडावून विचारलं होतं, "सरकारनं सांगू नको म्हणलंय का?" मी हो म्हटलं. तेवढ्यावर ते खूश होऊन गेले.

ढगांची नावं इंग्रजीत, त्यातली निम्मी लॅटिन. सिरस, स्ट्रॅटस, अल्टोक्युम्युलस. गडगडाटी, उंच, माथ्यावर ऐरणीसारखा सपाट पसरलेला तो क्युम्युलोनिम्बस. लिहिताना रजिस्टराचा रकाना पुरायचा नाही म्हणून त्याला सीबी म्हणायचं. पुस्तकात एके ठिकाणी मॅकरेल स्काय असा शब्द होता. मॅकरेल म्हणजे बांगडा मासा. आभाळ बांगड्याच्या पाठीसारखं दिसलं की तसं म्हणायचं. आता नांदेड-लातूरकडे बांगडा कुणी पाहिलाय? समुद्र पाहिलेला माणूसच गावात एखादा. आमच्याकडे त्याच आभाळाला 'मेंढरं पांगली' म्हणतात आणि ते मला आजही जास्त बरोबर वाटतं. पण अग्लीला आमच्याकडे तोड नव्हती. वळीव आहे, वादळी वाऱ्याला वावधान आहे, मळभ आहे, आभाळ भरून येणं आहे. पण ढगाच्या पोटाला हिरवट-काळ्या थैल्या लोंबायला लागतात, वारा एकदम पडतो, पाखरं गप्प होतात आणि पोटात गोळा येतो, त्या अवस्थेला एक शब्द हवा होता. तो मला इंग्रजांच्या पुस्तकात सापडला. त्या एका अक्षरात निरीक्षकाला घाबरायची मुभा होती. बाकी सगळं मोजून लिहायचं, यू तेवढं पाहून लिहायचं.

माझे वडील उमरीचे मंडपवाले. आमच्या घरात तीन पिढ्या बांबू, कनाती आणि दोरखंड. अब्बा शाळेत गेले नव्हते, पण वाऱ्याशी त्यांचं जुनं भांडण होतं, त्यामुळे आभाळ वाचता येत होतं. मला फार्मवर हंगामी निरीक्षक म्हणून घेतलं तेव्हा ते हसून म्हणाले, "यासीन, जो काम हम मुफत करते थे, उसके तेरे कू पगार मिल रा?" फार्म उमरीपासून सायकलीवर दहा मिनिटं.

माझ्यावर माधवराव म्हणून वरिष्ठ निरीक्षक होते. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं, आणि वरून विचारणा आलेली त्यांना अजिबात खपायची नाही. पहिल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी साडेपाचला मी मान वर केली आणि पश्चिमेला ते आभाळ उभं होतं. सीबीच्या पोटाला थैल्या, खाली पिवळसर उजेड, वारा बंद. मी वहीत यू लिहिलं. माधवराव शेजारी उभे राहून बघत होते.

"हे काय?"

"अग्ली, सर. पुस्तकात आहे."

"पुस्तकात लई काय काय हाय," ते म्हणाले. "यू लिहिलं की वरून पत्र येतंय, पुढं काय झालं ते कळवा म्हणून. झालं तर तक्ते भरा, न्हाई झालं तर खुलासा द्या. सी लिही. सी लिहून कुणी मेलेलं न्हाई."

खिशातून खोडरबर काढून त्यांनीच माझ्या हातात ठेवलं. मी खोडलं. सी लिहिलं. आणि सी लिहिलं म्हणून आत जाऊन चहा प्यायलो. यू ठेवलं असतं तर मी सायकल काढली असती, हे मला त्याही वेळी ठाऊक होतं. कारण त्या दिवशी उमरीत एका लग्नाचा मंडप होता आणि अब्बा तिथं शिडीवर होते.

मंडपवाल्याला आभाळ ओळखता येतं, पण मंडपात उभ्या माणसाला आभाळ दिसत नाही. वर छताचं कापड असतं. अब्बा झालर बांधत होते. वावधान आलं तसं सगळं छत पोटात वारा भरून उचललं गेलं, मधला खांब उखडला आणि अब्बांच्या मांडीवर पडला. लग्नाची मंडळी अजून यायची होती म्हणून बाकी कुणाला काही झालं नाही. अब्बांचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. शिडीवर ते पुन्हा चढले नाहीत.

दवाखान्यात त्यांनी मला एकच विचारलं. "तेरे फारम पे से दिखा नै क्या?"

"दिखा था, अब्बा," मी म्हणालो.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते छताकडे बघत राहिले. मला त्या दिवसाची लाज वाटते, आजही वाटते, आणि ती जावी म्हणून मी कधी प्रयत्न केला नाही.

पुढे माझी बदली लातूरकडे, निलंग्याच्या वाटेवरच्या एका फार्मवर झाली. तीच पेटी, तोच बाण, आणि मी तसाच हंगामी. दर वर्षी कायम करायचा कागद वर जायचा आणि दर वर्षी कशावर तरी अडायचा. रझिया, माझी बायको, शिवणकाम करायची. ती म्हणायची, "तुमची नोकरी पण ढगासारखीच हाय, दिसती पण हाताला लागत न्हाई." आणि मग भूकंप झाला.

भूकंपाबद्दल खूप लिहून झालंय, मी त्यात भर घालत नाही. आमच्या कुंपणातली पेटी हलली आणि एक थर्मामीटर फुटला, एवढंच आमच्या रजिस्टरात आहे. पण दुसऱ्या दिवसापासून लोक आमच्या तारेशी येऊन उभे राहायला लागले. "साहेब, परत कवा होणार?" मी सांगायचो, ही हवेची वेधशाळा आहे, जमिनीचं आम्हाला कळत नाही. एका म्हाताऱ्याने पावसाच्या मापाकडे बोट दाखवून विचारलं, "मग हे जमिनीत कामून पुरलंय?"

फार्मच्या समोर, रस्त्यापलीकडे, एका पडलेल्या गावाची वस्ती बसवली होती. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. त्या लोकांची घरं दगड-मातीची होती, जाड भिंतींची, आणि त्या भिंतींनीच त्यांची माणसं घेतली होती. त्यामुळे पत्र्याची त्यांना भीती वाटत नव्हती. पत्रा उन्हात तापतो, पावसात ताशासारखा वाजतो, पण पडला तर उचलता येतो, असं ते म्हणायचे. वस्तीच्या टोकाला शाळेची नवी इमारत झाली होती, स्लॅबची. मुलं शिकायला तिच्यात जायला तयार नव्हती. मास्तर झाडाखाली वर्ग घ्यायचे. भूकंपातून जे शिकायचं ते हे लोक शिकले होते, आणि ते बरोबरच शिकले होते. फक्त आभाळाचं शिकणं नेमकं उलटं असतं.

भूकंपानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी साडेपाचला मी मान वर केली आणि उमरीचं आभाळ माझ्यासमोर उभं होतं. त्याच थैल्या, तोच पिवळा उजेड, वारा पडलेला. या वेळी शेजारी माधवराव नव्हते. मी वहीत यू लिहिलं, आत जाऊन रजिस्टरात शाईने यू लिहिलं, आणि सायकल काढली.

वस्तीवर जाऊन ओरडलो, पत्र्याखालून बाहेर निघा, शाळेत चला. लोक माझ्याकडे बघत राहिले. सुमनबाई म्हणून एक होत्या, तिशी-पस्तिशीच्या, वस्तीवर त्यांचा शब्द चालायचा. भूकंपात त्यांची सासू आणि नवरा गेले होते. एक मुलगी वाचली होती, तिला घेऊन त्या राहायच्या. त्या पुढे आल्या.

"काय म्हणून राहिलात तुमी? स्लॅबखाली?"

"वावधान येऊन राहिलंय, बाई. पत्रे उडतील. उडालेला पत्रा माणूस कापतो."

"पत्रा पडला तर खोक पडंल. स्लॅब पडला तर माणूस गावत न्हाई. आमाला शिकवू नगा."

"बाई, वर बघा जरा. सरकारी पुस्तकात या आभाळाचं नाव अग्ली हाय. अग्ली म्हंजे वंगाळ, जीव घ्यायला आलेलं."

"सरकारच्या पुस्तकात आमचं गाव पडणार म्हणून लिवलं होतं का?" त्या म्हणाल्या. मागची माणसं हसली नाहीत.

मग मी त्यांना अब्बांचं सांगितलं. खोडरबर, सी, चहा, सगळं. मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, रझियालासुद्धा नाही. त्या ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकदा वर पाहिलं, मुलीचा हात धरला आणि शाळेकडे चालायला लागल्या. त्या निघाल्या म्हणून वस्ती निघाली.

शाळेच्या दोन खोल्यांत सगळे दाटीवाटीने बसले. सगळ्यांची नजर छताला. मी दारात उभा राहून आभाळ बघत होतो. आणि त्या आभाळाने काय केलं? ते सरकलं. वारा उलटा फिरला, ढगाचं पोट पूर्वेला ओढलं गेलं, लांब कुठंतरी गडगडलं, आणि आमच्यावर उजेड पडला. मी सुटकेचा श्वास घेतो न घेतो तोच पायाखालून आवाज आला. त्या भागातला पोरगाही तो आवाज ओळखतो. जमीन गुरगुरली आणि खोली हलली.

धक्का लहान होता. भिंतीला तडासुद्धा गेला नाही. पण आत बसलेल्यांना ते सांगणार कोण? सगळे एकदम दाराकडे धावले. मी दारात होतो, बाजूला फेकला गेलो. सुमनबाईंनी मुलीला माझ्या अंगावर ढकललं आणि स्वतः उंबऱ्यात पडल्या. त्यांच्या उजव्या हातावरून माणसं गेली. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. बाहेर पत्र्याच्या रांगा जशाच्या तशा होत्या. एक पत्रासुद्धा जागचा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बघायला गेलो. हात प्लास्टरमध्ये. त्यांनी मला दारातूनच हाकललं. "तुमी अन् तुमचं ते अग्ली! जा इथून. तोंड बी दाखवू नगा." मी जे ऐकायला हवं होतं तेच ऐकत होतो. त्या दिवसापासून वस्तीवर माझं नाव अग्लीचाचा पडलं. मी सायकलवरून गेलो की पोरं वर बोट दाखवून ओरडायची, "चाचा, अग्ली आलं का?" बायका भांडताना एकमेकींना अग्ली म्हणायला लागल्या. कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की 'आज लई अग्ली झालंय'. मी मान खाली घालून जायचो.

तक्रार वर गेली. लातूरच्या कार्यालयातून बोलावणं आलं. साहेब वाईट नव्हते, चहा मागवला, बसा म्हणाले. त्यांच्या पुढ्यात दोन कागद होते. एक माझा कायम होण्याचा आदेश, सहीसाठी तयार. दुसरा माझ्या रजिस्टराच्या त्या पानाची नक्कल.

"शेख, वस्तीवर जायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल मेमो मिळेल, तो घ्या आणि विसरून जा. राहिलं हे यू. इथं एक ओळ लिहायची, 'चुकून यू लिहिले गेले, सी वाचावे.' खाली सही. मग मी तुमच्या कायम होण्याच्या आदेशावर सही करतो."

"साहेब, वस्तीवर गेलो ती माझी चूक असेल, मेमो द्या. एका बाईचा हात मोडला, त्याचं पाप माझ्याकडंच राहील. पण आभाळ अग्ली होतं."

"पाऊस पडला?"

"नाही पडला. तेही मी लिहिलंय. वारा फिरला, तेही लिहिलंय. साडेपाचला जे होतं ते साडेपाचच्या रकान्यात आहे. नंतर काय झालं म्हणून आधीचं बदलायचं असेल, तर निरीक्षक कशाला ठेवता? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून भरा रजिस्टर."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी फाइल उलटली.

"आमचा माणूस वस्तीवर जाऊन आला. सगळ्यांचे जबाब आहेत. आभाळ नेहमीसारखंच होतं, असं सगळे म्हणतात. ही हात मोडलेली बाईसुद्धा. तिने डाव्या हाताने अंगठा दिलाय. तुमच्याशिवाय कुणी पाहिलं ते आभाळ? एक साक्षीदार सांगा, मी यू ठेवतो."

माझ्याकडे साक्षीदार नव्हता. फार्मवर मी एकटाच होतो. मी म्हणालो, "मी पाहिलं."

"म्हणजे लिहीत नाही?"

"नाही, साहेब."

त्यांनी पहिला कागद परत फाइलमध्ये ठेवला. पानाच्या नकलेवर माझ्या यूभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'साक्ष नाही'. पण त्यांनीही ते खोडलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खोडायची सही माझी लागत होती.

घरी येऊन रझियाला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती मशीनवरून उठली नाही. म्हणाली, "अब्बाचे बांबू उमरीत पडूनच हायेत. गेली नोकरी तर मंडप बांधू. पण मी पण येणार शिडी धरायला." नोकरी गेली नाही. आणखी बरीच वर्षं मी हंगामीच राहिलो. मधे किनवटच्या जंगलात पाठवलं, मग माहूरच्या बाजूला. माझ्यामागून आलेले कायम झाले, वरिष्ठ झाले, मला कामं सांगायला लागले. शेवटी जुन्या फाइली न वाचणारे एक साहेब आले आणि त्यांनी मला कायम करून टाकलं. मला त्याचं दुःख होतं असं म्हणणार नाही, पण आनंद करण्याचं वयही निघून गेलं होतं. एक गोष्ट मात्र मी केली. त्या दिवसाची खिशातली पेन्सिलीची वही मी कार्यालयात जमा केली नाही. ती सरकारी मालमत्ता आहे, हे मला माहीत आहे. हवी असेल तर या घ्यायला.

निवृत्त होऊन लातूरलाच घर केलं. लातूर तोवर ओळखू येईनासं झालं होतं. गल्लीगल्लीत क्लास, घरटी वसतिगृह, चौकाचौकात निकालाचे फलक आणि त्यावर पोरापोरींचे फोटो. भूकंपाने दुमजली घरं पाडली आणि क्लासनी पाचमजली उभी केली. त्या पाचव्या मजल्यावर, गच्चीत, पत्र्याची शेड टाकून अभ्यासिका. खाली भाडं येतं म्हणून वर पत्रा. मी संध्याकाळी फिरायला निघालो की वर बघायची सवय, आणि नजर त्या पत्र्यांवरच जायची. दोन-तीन मालकांना सांगून पाहिलं. एकाने विचारलं, "चाचा, तुम्ही कुठल्या क्लासकडून आलात?"

यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस दार वाजलं. दारात एक म्हातारी होत आलेली बाई आणि सोबत चष्म्यातली मुलगी. बाईचा उजवा हात कोपरातून वाकडा होता. मी चेहऱ्याआधी हात ओळखला.

"वळखलं का, चाचा?"

"वळखलं, सुमनबाई. या, आत या."

त्या आत आल्या, बसल्या. रझियाच्या हातात धपाट्यांचा डबा दिला. मुलगी त्यांची नात, प्रणिता. भूकंपात वाचलेल्या त्या मुलीची मुलगी. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला ठेवलेली. बोलली ती नातच, सुमनबाई नुसत्या ऐकत होत्या.

चार दिवसांपूर्वी ती गच्चीवरच्या अभ्यासिकेत बसली होती. चाळीसेक मुली. खिडकीतून बाहेर पाहिलं आणि ती उभी राहिली. म्हणाली, "सर, अग्ली आलंय. खाली चला."

देखरेखीला इंग्रजीचे सर होते. ते म्हणाले, "आभाळाला अग्ली नाही म्हणत. ओव्हरकास्ट म्हणायचं. बस खाली."

"मग तू बसलीस?" मी विचारलं.

"न्हाई बसले. सरांना म्हणलं, ओव्हरकास्टला आम्ही घाबरत न्हाई सर, हे अग्ली हाय. आमच्या गावात पोरीठोरींनाबी कळतंय. आजी सांगती, अग्ली आलं की पत्र्याखालून आधी निघायचं, मग विचारायचं. मी पुस्तकं तिथंच टाकली अन् जिन्याकडं गेले. माझ्यामागं दोघी आल्या, मग सगळ्याच. सर बी आले वरडत."

त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या आणि वर आवाज झाला. अभ्यासिकेचे पत्रे सुटले. काही शेजारच्या गच्चीवर गेले, एक उभा जाऊन त्यांच्या बाकांमध्ये रुतला. मुलींना ओरखडासुद्धा आला नाही.

रझियाने पाणी आणून दिलं. ज्या शब्दाने मला वस्तीवर तोंड लपवायला लावलं, तो शब्द मी गेल्यावर तिथं राहिला होता, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी आधी तो माझ्यावर फेकला, मग एकमेकांवर, आणि मग कधीतरी, कुणी ठरवल्याशिवाय, परत आभाळावर नेऊन ठेवला.

"चाचा," सुमनबाई म्हणाल्या, "ते तुमच्या सायबानं खोडायला लावलं होतं म्हणतेत. तुमी खोडलं न्हाई?"

"न्हाई खोडलं."

"माजा हात मोडला तरी?"

"हाव. तुमचा हात मोडला त्याचं मला आजबी वाईट वाटतं. माफी मागतो. पण आभाळ तसंच होतं, बाई. त्याची माफी मागणार न्हाई."

त्या वाकडा हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने चोळत होत्या.

"मला बी दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "शाळंकडं निघताना मी वर बघितलं की. अग्लीच होतं. हातापाय गार पडले माजे, म्हणून तर निघाले. पर मागून सायबाचा माणूस आला तवा लई राग होता मनात. नेहमीवानी होतं म्हणून अंगठा दिला. मी दिला म्हणून समद्यांनी दिला. तुमची नोकरी अडली म्हणून मागून कळलं. यायला तोंड नव्हतं."

मी उठलो आणि कपाटातून ती वही काढली. पानं पिवळी पडलेली, पेन्सिल पुसट झालेली, पण यू वाचता येत होतं. शेजारी मोकळी जागा होती. मी म्हणालो, "साहेबाला एक साक्षीदार पाहिजे होता."

"मला सही येती आता," सुमनबाई म्हणाल्या. "बचत गटात शिकले. डाव्या हातानं करते."

मी वहीला बांधलेली पेन्सिल सोडवून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती बाजूला सारली आणि नातीच्या दप्तराकडे हात केला.

"पेन्शील नगं. पुसता येती. पेन दे, पोरी."